फवारणी करणाऱ्याचे रक्त कोण तपासणार?

(बांदा येथे आंबा-काजू बागांतील मजूर आणि पक्षाचे कार्यकर्ते यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भागात कीटकनाशकाला कीटकनाशक असे कोणी म्हणत नाही. सगळे त्याला 'औषध' म्हणतात. 'औषध मारले', 'औषधाची तिसरी फेरी झाली', 'औषध लागू पडले नाही' ही भाषा बागायतदाराची आहे, दुकानदाराची आहे, मजुराची आहे आणि कृषी खात्याच्या माणसाच्या तोंडीही हीच आहे. मोहोरावर तुडतुडा पडला की झाड आजारी आणि बाटलीतले ते औषध, असा हिशेब आपल्या मनात पक्का बसला आहे. हा केवळ शब्दाचा प्रश्न असता तर मी त्यावर वेळ घालविला नसता. पण औषध म्हटले की भीती जाते. जेवणाच्या डब्याशेजारी बाटली ठेवली जाते, कालवण्यासाठी काठी मिळाली नाही तर हात घातला जातो, रिकामा डबा विहिरीवर पाणी काढण्यासाठी वापरला जातो. विष हातात घेतले आहे असे ज्याला वाटत असेल तो असे करणार नाही.

फवारणीचे काम कसे चालते ते आपणांस सांगावयास नको. परंतु हे भाषण वाचणारे काही मित्र शहरांत राहणारे आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हापूसची जुनी कलमे उंच असतात. कापूस किंवा भाजीपाला यांवर फवारणी करणारा माणूस औषधाचा झोत खाली किंवा समोर टाकतो. आंब्यावर फवारणी करणाऱ्याला तो डोक्यावर, आकाशाच्या दिशेने टाकावा लागतो. पानांना जेवढे चिकटेल तेवढे चिकटते, उरलेले दव पडावे तसे त्याच माणसाच्या डोक्यावर, मानेवर, खांद्यांवर येते. पालवी फुटते तेव्हापासून फळ वाटाण्याएवढे, पुढे सुपारीएवढे होईपर्यंत साधारण दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने पाच-सहा फेऱ्या होतात. अलीकडे फुलकिड्यांचा उपद्रव वाढल्यापासून फेऱ्या वाढल्या आहेत. एका मालकाच्या बागेत सहा फेऱ्या, पण फवारणारी टोळी तीच आणि बागा अनेक. म्हणजे मालकाच्या हिशेबात जे सहा दिवस, ते मजुराच्या अंगावर संपूर्ण हंगामाचे दिवस होतात. शिफारशीचा तक्ता झाडाच्या दृष्टीने आखलेला असतो. एका माणसाच्या कातडीवर हंगामात किती फेऱ्या पडाव्यात, याचा तक्ता कोणी आखलेला नाही.

आणि फवारणारा एकटा नसतो. पाणी आणणाऱ्या, पिंपात औषध कालवणाऱ्या बहुधा बायका असतात. कालवताना जे हातावर पडते ते पाणी मिसळण्यापूर्वीचे, म्हणजे सर्वांत तीव्र विष. त्या बाईची मजुरी फवारणाऱ्यापेक्षा कमी, कारण ती 'हलके काम' करते! फवारणीच्या वेळचे कपडे घरी धुते तीही बाईच.

ह्या विषाचे शरीरात काय होते ते आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजे. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचा जो मोठा वर्ग आहे, डायमेथोएट, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही त्यांतील नावे, तो किड्याचा मज्जाव्यवहार बिघडवून त्याला मारतो. मज्जातंतूने स्नायूला दिलेला निरोप पोहोचला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते. त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. हे विष त्या द्रव्यालाच निकामी करते. निरोप पुसलाच जात नाही, स्नायू आणि ग्रंथी थांबत नाहीत. म्हणून घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंधुक दिसते, मांसपेशी फडफडतात आणि अखेर श्वास अडतो. माणसाचे आणि किड्याचे ह्या बाबतीतले यंत्र एकच आहे. फरक फक्त मात्रेचा. आणि हे विष पोटात जावे लागत नाही, कातडीतून जाते. नाकातोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. औषधाने भिजलेला रुमाल तर तोंडाशी बांधलेली विषाची पट्टीच असते.

गंभीर विषबाधा झालेला माणूस इस्पितळात पोहोचतो, कुठे तरी नोंदला जातो. पण संध्याकाळी डोके धरून बसलेला, जेवण नको म्हणणारा, रात्री ओकारी झालेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो. 'औषध चढले' एवढेच तो म्हणतो. दारू चढते तसे विषही चढते आणि उतरते, असे त्याला वाटते. कोलिनेस्टरेज मात्र एका रात्रीत भरून येत नाही, त्याला आठवडे लागतात. पहिल्या बागेत निम्मे खर्ची पडलेले द्रव्य घेऊन तो दुसऱ्या बागेत शिरतो.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते येथे विस्ताराने मांडले पाहिजे, कारण महाराष्ट्राने ते फार लवकर विसरून टाकले. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने इस्पितळात दाखल झाले आणि त्या एका जिल्ह्यात किमान 20 माणसे दगावली. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, हवेत दमटपणा होता, बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती आणि जोरदार झोताचे बॅटरीवरील पंप आले होते. ही सारी कारणे नंतर तपासात आणि वृत्तपत्रांत आली. परंतु प्रारंभी सरकारी सूर काय होता? मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, मुखपट्टी लावली नाही, वाऱ्याच्या उलट फवारले. म्हणजे मेलेल्या माणसाने आपल्या मरणाचा जबाब द्यायचा! मरणाऱ्यांच्या कुटुंबांना 2 लाख रुपये जाहीर झाले. नोव्हेंबर 2017 मध्ये यवतमाळसह 5 जिल्ह्यांत 5 कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी आली. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता.

60 दिवसच का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. 1968 च्या कीटकनाशके कायद्यातील कलम 27 नुसार राज्य सरकारला एखाद्या कीटकनाशकावर अधिकाधिक 60 दिवस बंदी घालता येते. चौकशी पुरी झाली नाही तर आणखी 30 दिवस. पुढचे सारे दिल्लीच्या हाती. जिल्हा आपला, मेलेली माणसे आपली, आणि विष कायमचे थांबविण्याचा अधिकार मात्र राज्याला नाही. विकेंद्रीकरणाची भाषा आम्ही समाजवाद्यांनी आयुष्यभर केली. ती कुठे लावायची असेल तर येथे लावली पाहिजे.

यवतमाळच्या पीडितांपैकी काहींनी पुढे एक धाडस केले, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. डायफेन्थ्युरॉन ह्या कीटकनाशकाच्या उत्पादक कंपनीविरुद्ध ते तिच्या मूळ देशात, स्वित्झर्लंडमध्ये गेले. 2020 साली 51 कुटुंबांच्या वतीने तेथील सरकारी मंचापुढे तक्रार झाली, 2021 साली बाझल येथील न्यायालयात दिवाणी दावा दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. निकाल काय लागेल ते लागो. पण वऱ्हाडातील मजुराची विधवा युरोपातील भांडवलाला त्याच्या घरी जाऊन जाब विचारते, ही घटना आपल्या चळवळीच्या इतिहासात लिहून ठेवण्याजोगी आहे.

आता आपल्या अधिक जवळचे उदाहरण घेऊ. सिंधुदुर्गासारखाच डोंगर-उतारांचा, काजूचा, पावसाचा जिल्हा म्हणजे केरळातील कासरगोड. तेथे सरकारी मालकीच्या मळे महामंडळाच्या काजूबागांवर 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 2000 सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात होते. कीड कोणती? आपल्या काजूवर येतो तोच ढेकण्या. खाली विहिरी होत्या, ओढे होते, शाळा होत्या. पुढे त्या गावांत मेंदूची वाढ खुंटलेली, हातपाय वाकडे असलेली मुले जन्माला आल्याच्या नोंदी झाल्या. लीलाकुमारी अम्मा ह्या कृषी खात्यातील एका साध्या कर्मचारी बाईंनी न्यायालयात जाऊन फवारणी थांबविण्याचा हुकूम मिळविला. डाव्या युवक संघटनेने 2011 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 13 मे 2011 रोजी देशभर एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर यांवर बंदी आली. 10 जानेवारी 2017 रोजी पीडितांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश झाला. फवारणीच्या प्रारंभापासून ह्या आदेशापर्यंत सुमारे 40 वर्षे गेली. लक्षात घ्या, तेथे मालक खाजगी नव्हता, सरकार होते. उद्योग सार्वजनिक मालकीचा झाला म्हणजे कामगार आपोआप सुरक्षित होतो, असे मानणाऱ्या आपल्यातील काही मित्रांनी कासरगोडला एकदा जाऊन यावे.

आंब्यावरील तुडतुड्यासाठी पूर्वी कार्बारिल वापरले जाई. बाजारातले त्याचे नाव सेविन. 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये जो वायू सुटला तो हेच सेविन बनविण्यासाठी साठविलेला होता. भोपाळची रात्र सर्वांना आठवते. त्या कारखान्यातून निघालेला माल कोणाच्या पाठीवरच्या पंपात जात होता हे कोणी विचारले नाही. कार्बारिलवर बंदी आली 2018 साली. मोनोक्रोटोफॉसची कथा अशीच. 2005 सालीच ते भाजीपाल्यावर वापरण्यास मनाई झाली होती. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनात ते मिसळले जाऊन 23 मुले दगावली. 2020 साली 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात त्याचे नाव होते. प्रत्यक्ष आदेश 2023 साली आला आणि 27 पैकी बहुतेक नावे त्यातून गळाली. आदेश आला तेव्हाही असलेला साठा मुदत संपेपर्यंत विकण्याची मुभा राहिली. विष आहे असे सरकारने मान्य करायचे आणि दुकानदाराचे नुकसान नको म्हणून मजुराने ते संपवून द्यायचे, असा हा न्याय आहे.

कायदा काय सांगतो ते पाहू. 1958 साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे मेली, त्यानंतरच्या चौकशीतून 1968 चा कायदा आणि 1971 चे नियम आले. नियम वाचले तर मन प्रसन्न होते. कीटकनाशक हाताळणाऱ्या, त्याची फवारणी करणाऱ्या माणसाला संरक्षक कपडे हवेत, श्वसनाची साधने हवीत, प्रथमोपचाराची पेटी हवी, उतारा हाताशी हवा, प्रशिक्षण हवे, वेळोवेळी वैद्यकीय तपासणी हवी. आणि मग कायद्याचे कलम 38 वाचावे. स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतःच्या लागवडीखालील जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरले तर त्या वापराला हा कायदा लागू नाही! मालक आपल्याच जमिनीवर फवारतो, म्हणून तो सुटला. पण फवारणारा हात मालकाचा नसतो, मजुराचा असतो, आणि तो ह्या दोन ओळींच्या फटीत पडतो. कारखान्यात विष भरणाऱ्या कामगाराला निरीक्षक आहे, बागेत विष ओतणाऱ्याला नाही.

1951 च्या मळे कामगार कायद्याने चहा, कॉफी, रबर आणि सिंकोना यांच्या मळ्यांतील मजुरांना काही संरक्षण दिले, 2010 च्या दुरुस्तीने त्यात कीटकनाशके हाताळण्याविषयीची कलमेही घातली. आंबा-काजू त्यात नव्हते. म्हणजे दोडामार्गाकडच्या मोठ्या रबर मळ्यातला मजूर निदान कागदावर सुरक्षित आणि शेजारच्या काजूबागेतला कागदावरही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा तिच्यात मोडते आणि 2 लाख रुपये मिळतात. कोणाला? सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला व त्याच्या घरातील एकाला. ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही त्याचे काय? आणि ज्याचे गाव नेपाळात आहे त्याचे काय? देवगडपासून बांद्यापर्यंत बागांची राखण आणि मेहनत आज फार मोठ्या प्रमाणावर नेपाळी मजूर करतात. ते बागेतच खोपटीत राहतात, तेथेच रांधतात, औषधाचा साठाही बहुधा त्याच खोपटीत असतो. त्यांना आपल्या सभेचे बोलावणे गेले नाही तर ही सभा अर्धीच भरली असे मी म्हणेन.

बागायतदार मित्रही येथे बसले आहेत. त्यांच्याशी माझे भांडण आहे, वैर नाही. लहान बागायतदार स्वतःच पंप खांद्यावर घेतो आणि तेच विष अंगावर झेलतो. अवकाळी पाऊस, फळगळ, दलालाची उचल, दुकानदाराची उधारी यांत तो पिचलेला आहे. आणि ज्या दुकानात उधारी, तेथलाच सल्ला घ्यावा लागतो. एक औषध लागू पडले नाही तर दोन कालवा, असे सांगणारा माणूस दोन्ही बाटल्यांवर नफा कमावतो. हे सारे खरे आहे. पण हेही खरे की 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली तेव्हा कोकणातले कातळ आणि वरकस जमिनी जनतेच्या पैशाने आंबा-काजूखाली आल्या. ती योजना मजुराला काम मिळावे म्हणून मांडली होती. झाडे उभी राहिली, सातबाऱ्यावर चढली. मजुराच्या वाट्याला त्या झाडांखाली उभे राहून ओले होणे आले. परदेशी जाणाऱ्या आंब्यासाठी बागेची नोंदणी होते, फळातील विषाचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो. युरोपातील गिऱ्हाईकाच्या पोटात किती कण जावेत याची मर्यादा ठरलेली आहे आणि ती आपण निमूटपणे पाळतो. मग त्याच फळावर फवारणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेज वर्षातून दोनदा तपासणे अशक्य कसे? चाचणी साधी आहे: हंगामापूर्वी एकदा, हंगामाच्या मध्यावर एकदा. ज्याचे प्रमाण फार उतरले त्याला फवारणीवरून काढून दुसरे काम द्यावे, आणि मजुरी कापू नये. मजुरी कापली जाणार असेल तर कोणीही रक्त देणार नाही, हे उघड आहे.

संरक्षक कपड्यांविषयी थोडे. ते हवेतच, आणि मालकाने दिले पाहिजेत. पण फेब्रुवारी-मार्चच्या कोकणी उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा, चष्मा आणि मुखवटा घालून कोण दिवसभर उभा राहील? मुंबईच्या वातानुकूलित खोलीत काढलेल्या चित्रातला तो माणूस कोणत्याही बागेत सापडत नाही. म्हणून कपडे हा शेवटचा उपाय मानला पाहिजे. पहिला उपाय जहाल विषे बाजारातून काढणे; बाटलीवरचा तांबडा आणि पिवळा त्रिकोण ज्यांच्यावर आहे ती आधी. दुसरा, फेऱ्या कमी करणे. झाडाच्या मधल्या फांद्या विरळ करून ऊन आत जाऊ दिले तर तुडतुडा कमी होतो, हे कृषी विद्यापीठच सांगते. फळमाशीसाठी दापोलीच्या विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आहे, त्यात फवारणी लागत नाही. काजूवर ओंबील असेल तर ढेकण्या फिरकत नाही, हे आपले वाडवडील जाणत होते; काढणीच्या वेळी ती चावते म्हणून आपण तिलाच औषध मारून टाकले. कलमांची उंची राखणे हाही मजुराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. झाड जितके बुटके, तितके डोक्यावर कमी पडते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांचा संप 1965 साली सुरू झाला. सीझर चावेझ यांच्या संघटनेने पाच वर्षे संप आणि द्राक्षांवर बहिष्कार चालविला आणि 1970 साली मळेवाल्यांशी करार केले. त्या करारांत मजुरीबरोबर एक कलम असे होते की डीडीटीसारखी घातक विषे मळ्यात वापरू नयेत. अमेरिकी सरकारने डीडीटीवर बंदी घातली 1972 साली. सरकारच्या दोन वर्षे आधी, परप्रांतांतून आलेल्या, भाषा न जाणणाऱ्या, मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांनी ती आपल्या मळ्यांपुरती घालून घेतली होती. पुढे 1988 साली ह्याच प्रश्नावर चावेझ यांनी 36 दिवसांचा उपवास केला. मजुरीच्या मागणीपत्रात विषाचे कलम घालता येते, हा त्यातला आपल्याला घेण्यासारखा भाग.

महाराष्ट्राजवळ स्वतःचेही एक साधन आहे. हमालांचा एक मालक नसतो. आज ह्या गाळ्यात, उद्या त्या गाळ्यात. म्हणून 1969 साली माथाडी कायदा आला. मालकांनी मंडळाकडे नोंदणी करावी, मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरावी, मंडळाने भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार पाहावे, अशी रचना झाली. बागेतील फवारणी-टोळीची स्थिती हमालासारखीच आहे: मालक अनेक, काम तुटक, अपघात कोणाच्या बागेत झाला हे ठरविण्यातच महिना जातो. मग बागमजुरांसाठी जिल्ह्याचे मंडळ का असू नये? लेव्ही केवळ बागायतदारावर टाकू नका. कीटकनाशकाच्या विक्रीवर टाका. जो विष विकतो त्याने उपचाराचा निधी भरावा. हे माझे मत आहे, आणि पक्षाच्या जिल्हा समितीने त्यावर चर्चा करावी अशी माझी विनंती आहे. त्या वेळच्या राजापूर मतदारसंघाने बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले होते. कोकणातल्या मजुराचा प्रश्न दिल्लीत बोलला जाणे ह्या मातीला नवीन नाही.

दरम्यान आपल्या हाताशी असलेले काम. प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा पुरेसा साठा फवारणीच्या हंगामात असतो की नाही, हे प्रत्येक शाखेने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन पाहावे आणि लेखी उत्तर घ्यावे. बांद्याहून माणूस बांबोळीला नेण्यात जो वेळ जातो, त्या वेळात पहिली सुई टोचलेली असणे म्हणजे जीव वाचणे. रुग्णाबरोबर बाटली किंवा निदान तिचे लेबल गेलेच पाहिजे, नाही तर डॉक्टर उपचार अंदाजाने करतात. कलम 26 प्रमाणे विषबाधेच्या प्रत्येक घटनेची खबर देणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ती अधिसूचना फवारणीच्या मजुरांसाठी काटेकोर अमलात यावी असा ठराव 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा. मोहोराचा काळ तोच असतो, लोकांना विषय समजावून सांगावा लागणार नाही.

आणि प्रत्येक वाडीतून एक वही हवी. कोणत्या बागेत, कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती जण फवारणीला, कालवायला कोण, कोणाला काय झाले, दुसऱ्या दिवशी कामावर गेला की नाही. लिहिता न येणाऱ्याचे दुसऱ्याने लिहावे, नेपाळी साथींचे त्यांच्या मुलांकडून लिहून घ्यावे. पुढील बैठकीला येताना ह्या वह्या आणा. रिकाम्या बाटल्या आणू नका, त्या हाताळण्याचेही कारण नाही. त्यांच्यावरील नाव आणि त्रिकोणाचा रंग तेवढा वहीत उतरवून घ्या.